ब्रेस्ट कॅन्सरचा पॅथॉलॉजी रिपोर्ट चार ओळींचा आलाय, एवढ्यावर केमो सुरू करायची का?

वारणाकाठ

नमस्कार मंडळी, जरा घाईत आहे, कुणाला माहिती असेल तर प्लीज सांगा.

माझ्या मोठ्या वहिनींबद्दल विचारायचंय. वय ४६, गाव सांगली जिल्ह्यात. डाव्या बाजूला गाठ हाताला लागली म्हणून तालुक्याच्या ठिकाणी सर्जनना दाखवलं, त्यांनी बारीक सुई घालून पेशी तपासल्या, म्हणजे एफएनएसी केली, त्यात कॅन्सरचा संशय आला, आणि लगेच गाठ काढायचं ठरलं. ऑपरेशन शनिवारी दुपारी झालं. काढलेली गाठ प्लास्टिकच्या डब्यात घालून दादाच्या हातात दिली आणि लॅबला पोचवा म्हणाले, पण लॅब बंद झालेली, मग रविवार गेला आणि सोमवारी सकाळी दादाने डबा नेऊन दिला. डब्यात काय होतं ते आम्हाला नक्की माहीत नाही, पण दादा म्हणतो पाण्यासारखं होतं आणि वास काही येत नव्हता.

रिपोर्ट आला तो अक्षरशः चार ओळींचा. तुकड्यांमध्ये टिश्यू मिळाला, इन्फिल्ट्रेटिंग डक्ट कार्सिनोमा (दूधनलिकेतून बाहेर पसरलेला कॅन्सर), ग्रेड १, क्लिनिकली कोरिलेट करा. बस. गाठ किती सेंटीमीटर, कडा मोकळ्या आहेत का, काहीच नाही. काखेतल्या गाठी काढलेल्याच नाहीत.

मग त्याच लॅबने ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) दुसऱ्या शहरातल्या लॅबला पाठवून ईआर पीआर (कॅन्सरच्या पेशींमध्ये हॉर्मोन पकडणारी प्रोटीनं आहेत का ते बघायची टेस्ट) करून घेतलं, त्याचा रिपोर्ट असा: ईआर निगेटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह, हर-टू (पेशी वाढवणारं प्रोटीन) टू प्लस. टक्केवारी नाही. आता डॉक्टर म्हणतायत की ईआर निगेटिव्ह आहे म्हणजे हॉर्मोनच्या गोळ्या चालणार नाहीत, टू प्लस म्हणजे निगेटिव्हच धरायचं, तेव्हा पुढच्या आठवड्यात केमो सुरू करू. दादा तयार आहे, वहिनी पण तयार आहेत, त्या म्हणतात जे काय असेल ते लवकर होऊन जाऊदे. मला मात्र राहून राहून वाटतंय की एवढ्या मोठ्या आजाराचा एवढासा रिपोर्ट कसा. आमच्या घरी म्हैस आजारी पडली तरी जनावरांचे डॉक्टर यापेक्षा जास्त लिहून देतात हो.

विचारायचं एवढंच की हे नॉर्मल आहे का? आणि परत तपासायला दिलं तर डॉक्टरांना राग येईल, उशीर होईल, अशी घरच्यांना भीती आहे, त्याचं काय करू?

कऱ्हाडकर७१

डोळे झाकून परळला टाटाला न्या. बाकी कुणाचं ऐकू नका.

मायक्रोस्कोपवाली

वारणाकाठ, मी हिस्टोपॅथॉलॉजिस्ट आहे, ब्रेस्टच्या स्लाइडी रोज बघते. पेशंट न बघता ट्रीटमेंट सांगणार नाही, पण तुम्ही जो रिपोर्ट टाकलाय त्याच्याबद्दल मात्र नक्की बोलू शकते, कारण ते माझंच काम आहे. तुम्हाला वाटतंय ते बरोबर वाटतंय. हा रिपोर्ट अपुरा आहे आणि त्यातल्या गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत. केमोची पहिली सलाईन लागायच्या आधी तो परत तपासून घ्या.

जुळत नाहीत म्हणजे काय ते सांगते. ग्रेड १ म्हणजे पेशी अजून बऱ्यापैकी शिस्तीत आहेत, नळ्यांसारखी रचना करतायत, विभाजन कमी आहे. ग्रेड हा अंदाजाने द्यायचा आकडा नाही, तीन गोष्टींना प्रत्येकी १ ते ३ मार्क देतात, नळ्यांची रचना, पेशीच्या केंद्राचा आकार-विकार आणि मायटोसिसची, म्हणजे विभागणाऱ्या पेशींची, संख्या, आणि बेरीज ३ ते ५ आली तर ग्रेड १, ६ किंवा ७ ला ग्रेड २, ८ नि ९ ला ग्रेड ३. याला नॉटिंगहॅम ग्रेडिंग म्हणतात आणि चांगल्या रिपोर्टमध्ये हे तिन्ही मार्क वेगवेगळे लिहिलेले असतात. आता खऱ्या ग्रेड १ च्या गाठी जवळपास सगळ्या ईआर पॉझिटिव्ह असतात. त्यामुळे ग्रेड १ आणि ईआर निगेटिव्ह असं एका कागदावर दिसलं की आम्ही रिपोर्ट बाहेर सोडायच्या आधी थांबतो, ग्रेड परत बघतो, ईआर परत लावतो. त्यात परत ईआर निगेटिव्ह आणि पीआर पॉझिटिव्ह! हे कॉम्बिनेशन इतकं क्वचित मिळतं की ते दिसलं की आधी टेस्टवर शंका घ्यायची, कारण पीआर तयार व्हायला पेशीत साधारणपणे ईआरचं काम चालू असावं लागतं.

ईआर खोटं निगेटिव्ह येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण मशीन नसतं, टिश्यू कसा ठेवला हे असतं. गाठ शरीराबाहेर आली की तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि प्रोटीनं खराब व्हायला लागतात. म्हणून अमेरिकेतल्या एएससीओ आणि सीएपी या दोन संस्थांच्या गाइडलाइनमध्ये स्पष्ट आहे की काढल्यापासून एका तासाच्या आत ती कापून १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये (टिश्यू टिकवणारं रसायन) गेली पाहिजे आणि त्यात कमीत कमी ६ तास, जास्तीत जास्त ७२ तास राहिली पाहिजे. आपल्याकडच्या चांगल्या लॅब पण हेच पाळतात. फॉर्मॅलिनचा वास असा असतो की झाकण उघडलं की डोळ्यांतून पाणी येतं. दादांना वास आला नसेल तर, मला लिहिताना वाईट वाटतंय, पण ती गाठ बहुधा दीड-दोन दिवस नुसत्या सलाईनमध्ये होती.

हे खरंच तसं झालंय का ते स्लाइडवरच कळू शकतं. गाठीच्या शेजारी बहुतेक वेळा थोड्या नॉर्मल दूधनलिका असतात आणि त्यांच्यातल्या काही पेशी ईआरला रंग घेतातच. आम्ही त्याला इंटर्नल कंट्रोल म्हणतो. नॉर्मल नलिका रंगल्यात आणि कॅन्सरच्या पेशी रंगल्या नाहीत, तर निगेटिव्हवर विश्वास ठेवता येतो. नॉर्मल पण रंगल्या नाहीत तर टेस्ट फेल गेली, तिथे निगेटिव्ह लिहायचंच नाही, टेस्ट वाचण्यालायक नाही असं लिहायचं. तुमच्या रिपोर्टमध्ये कंट्रोलचा शब्द नाही, टक्केवारी नाही. १ टक्का पेशी जरी रंगल्या तरी २०१० पासून ईआर पॉझिटिव्ह म्हणतात, आणि २०२० पासून १ ते १० टक्क्यांना लो पॉझिटिव्ह असं वेगळं लिहायला सांगितलंय. मग नुसतं निगेटिव्ह म्हणजे शून्य टक्के का पाच टक्के? यावर बाईला पाच-दहा वर्षं गोळी मिळणार की नाही हे ठरतं. टॅमॉक्सिफेन पाच वर्षं घेतली तर ईआर पॉझिटिव्ह बायकांमध्ये या आजाराने मृत्यू होण्याचं प्रमाण साधारण एक तृतीयांशाने कमी होतं, आणि ती गोळी काही महाग नाही. इतकी स्वस्त नि इतकी कामाची गोष्ट एका वाईट फिक्सेशनमुळे, म्हणजे टिश्यू फॉर्मॅलिनमध्ये नीट न टिकवल्यामुळे, कुणाच्या हातून जावी, याचा मला खरंच खूप राग येतो.

आणि हर-टू टू प्लस म्हणजे निगेटिव्ह, हे चूक आहे. शून्य नि वन प्लस निगेटिव्ह, थ्री प्लस पॉझिटिव्ह, आणि टू प्लस म्हणजे अजून ठरलं नाही. तिथे फिश नावाची टेस्ट करतात, त्यात जीनच्या कॉप्या मोजतात. ती केल्याशिवाय टू प्लसवर निर्णय होत नाही. त्यातल्या काही बायका पॉझिटिव्ह निघतात आणि त्यांना ट्रॅस्टुझुमॅब या हर-टूवर काम करणाऱ्या औषधाचा फार मोठा फायदा होतो.

डॉक्टरांना राग येण्याबद्दल, मी असं विचारेन की डॉक्टर, ग्रेड आणि ईआर जुळत नाहीत असं कळलं, ब्लॉक रिव्ह्यूला पाठवू का. नीट विचारलं तर बरेच सर्जन स्वतःच चिठ्ठी देतात.

बरणीतला_माणूस

मायक्रोस्कोपवाली ताईंनी सगळं मुद्द्याचं सांगितलंय, मी फक्त त्यांच्या टेबलावर स्लाइड जायच्या आधीचं सांगतो कारण मी हिस्टो लॅबमध्ये टेक्निशियन आहे आणि ओटीमधून येणारे डबे आम्हीच उघडतो.

लोकांना वाटतं लॅबची क्वालिटी म्हणजे भारी मशीन. अहो अर्धा रिपोर्ट त्या डब्यात ठरतो. काय काय येतं सांगू का, मोठी गाठ अरुंद तोंडाच्या बाटलीत दाबून भरलेली, ती कडक झाल्यावर बाहेर निघत नाही मग बाटली कापायची. गाठ बुडेल एवढंसुद्धा फॉर्मॅलिन नाही, खरं तर टिश्यूच्या दहापट तरी पाहिजे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गाठ अख्खीच्या अख्खी टाकून दिलेली. ब्रेस्टमध्ये चरबी असते, फॉर्मॅलिन चरबीतून फार हळू आत जातं, तासाला मिलिमीटरभर धरा, म्हणजे वरून घट्ट झालेली दिसते आणि आतला भाग, जिथे कॅन्सर असतो, तो कच्चाच राहतो. म्हणून गाठ लॅबमध्ये लवकर यायला पाहिजे, आम्ही आधी बाहेरून शाई लावतो, मग चकत्या पाडतो आणि प्रत्येक चकतीच्या मध्ये कागद किंवा गॉज घालून फॉर्मॅलिन आतपर्यंत पोचवतो.

काही ठिकाणी सर्जन उत्सुकतेने स्वतःच गाठ मधून कापून बघतात. समजू शकतो, पण मग कडा गेल्या. शाई लावायच्या आधी तुकडे झाले तर कुठली बाजू बाहेरची आणि कुठली कापलेली हे जगात कुणी सांगू शकत नाही. वारणाकाठ, तुमच्या रिपोर्टमध्ये तुकड्यांमध्ये मिळाला लिहिलंय ना, तिथेच मार्जिनचा प्रश्न निकालात निघाला, लॅबने काय लिहायचं. नियम असा की इन्व्हेजिव्ह कॅन्सरमध्ये शाईवर कॅन्सरची पेशी नको, एवढं पुरतं, पण त्याला शाई तर लागली पाहिजे ना. सर्जनने दोन दोरे बांधले, वरच्या बाजूला छोटा आणि बाहेरच्या बाजूला लांब, तरी आम्हाला दिशा कळते. ते करायला एक मिनिट लागत नाही.

आणि फॉर्म! फॉर्मवर काय तर नाव, वय, ब्रेस्ट लम्प. कुठली बाजू नाही, आधी केमो झालीय का नाही, गाठ किती वाजता काढली आणि किती वाजता फॉर्मॅलिनमध्ये टाकली ते नाही. या दोन वेळा फॉर्मवर असल्या तर पॅथॉलॉजिस्टला निगेटिव्ह ईआर वाचताना आधार मिळतो. पेशंटच्या नातेवाइकांना एकच सांगेन, डबा तुमच्या हातात देत असतील तर यात फॉर्मॅलिन आहे ना असं तोंडाने विचारा आणि लॅब बंद असेल तर ऑपरेशन सोमवारी घ्या म्हणा. इमर्जन्सी नसतेच ती.

तालुक्याचा_सर्जन

मी तुमच्या तालुक्याचा नाही, पण तशाच एका गावात सर्जरी करतो. वरच्या दोघांचं म्हणणं शास्त्राप्रमाणे बरोबर आहे आणि गाठ काढायच्या आधी जाड सुईने ट्रूकट बायोप्सी व्हायला हवी होती हे पण मान्य, एफएनएसीवर कॅन्सरचं ऑपरेशन करू नये. ट्रूकटचे तुकडे बारीक असतात, लगेच फॉर्मॅलिनमध्ये जातात, ईआर पीआर हर-टू त्याच्यावर सगळ्यात चांगलं होतं, आणि नीट प्लॅनिंग करून एकाच ऑपरेशनमध्ये गाठ आणि काख दोन्ही होतात.

पण दुसरी बाजू पण मांडतो. आमच्याकडे पेशंट येतो तो एकदाच सगळं करून टाका म्हणून. बायोप्सी म्हटलं की सुई लावली की कॅन्सर पसरतो म्हणून उठून जातात, हा गैरसमज अजून आहे. ईआर पीआर हर-टूचे पैसे वेगळे सांगितले की निम्मे लोक नंतर करू म्हणतात. आणि पॅथॉलॉजिस्टना आम्ही फोन करत नाही, ते आम्हाला करत नाहीत. मला कोल्हापूरच्या एका पॅथॉलॉजिस्टने एकदा फोन करून विचारलं की डॉक्टर, तुमचे स्पेसिमेन फॉर्मॅलिनमध्ये कधी जातात, त्यानंतर मी ओटीच्या भिंतीवर घड्याळाखाली सूचनाच लावली. तो एक फोन मला शंभर कॉन्फरन्सपेक्षा उपयोगी पडला. त्यामुळे तुमच्या सर्जनना व्हिलन करू नका, पण रिव्ह्यू मात्र कराच. आणि टू प्लसला फिश पाहिजे याबद्दल माझं दुमत नाही.

टोरांटोकर

मी मूळची नाशिकची, आता कॅनडात लॅबमध्ये क्वालिटीचं काम करते. हा धागा वाचून लिहायला बसले कारण तुमच्या वहिनींच्या बाबतीत जे झालं असावं ते इथे शेकडो बायकांच्या बाबतीत झालंय आणि त्याची सरकारी चौकशी झाली.

पूर्वेला न्यूफाउंडलंड म्हणून प्रांत आहे, सेंट जॉन्स त्याची राजधानी. तिथल्या ईस्टर्न हेल्थ या सरकारी आरोग्य यंत्रणेच्या लॅबमध्ये १९९७ ते २००५ ईआर पीआरच्या टेस्ट चुकत होत्या. कुणाच्या लक्षातच आलं नाही, कारण निगेटिव्ह रिपोर्ट आला की डॉक्टर तो खरा धरून पुढे जायचे. २००५ मध्ये एका पेशंटची टेस्ट परत केली, आधी निगेटिव्ह होती ती पॉझिटिव्ह आली, मग अजून काही करून बघितल्या, त्या पण फिरल्या. शेवटी हजाराच्या आसपास सॅम्पल इथे टोरांटोला माउंट सायनाय हॉस्पिटलला फेरतपासणीला आली आणि जवळजवळ ४०० जणींचे रिपोर्ट चुकीचे निघाले. म्हणजे त्यांना हॉर्मोनची गोळी मिळायला हवी होती आणि मिळाली नाही. त्यातल्या बऱ्याच जणी तोवर गेल्या होत्या. कित्येकींना तर ही गोष्ट बातम्यांमधून कळली.

न्यायमूर्ती मार्गारेट कॅमेरॉन यांच्या कमिशनने चौकशी केली आणि मार्च २००९ मध्ये रिपोर्ट दिला, ६० शिफारशी. मी तो ट्रेनिंगमध्ये वाचला. त्यात एक कुणी राक्षस सापडत नाही, आणि वाचताना तेच सगळ्यात जास्त लागतं. फिक्सेशनवर लक्ष नाही, कंट्रोल स्लाइड नीट बघितल्या जात नाहीत, टेक्निशियन सारखे बदलतात आणि त्यांचं ट्रेनिंग होत नाही, बाहेरच्या कुठल्या लॅबशी आपले निकाल ताडून बघायची पद्धत नाही, आपल्याकडे पॉझिटिव्हचं प्रमाण किती येतं हे कुणी मोजत नाही. शेवटचं तर इतकं सोपं आहे! एखाद्या लॅबला वर्षभरात किती टक्के ईआर पॉझिटिव्ह मिळाले हे काढायला एक वही पुरते, आणि तो आकडा इतरांपेक्षा खूप खाली असेल तर काहीतरी बिघडलंय हे पेशंटचं नुकसान व्हायच्या आधी कळतं.

म्हणून तुम्ही लॅब निवडताना विचारू शकता. तुमचं ईआर पॉझिटिव्हचं प्रमाण किती, तुम्ही एक्सटर्नल क्वालिटी प्रोग्रॅममध्ये आहात का. भारतात लॅबना मान्यता देणारी एनएबीएल ही संस्था आहे, त्यांच्या वेबसाइटवर लॅबचा स्कोप बघता येतो. नुसतं एनएबीएल लिहिलंय म्हणून खूश होऊ नका, साध्या रक्त तपासणीसाठी मान्यता असते आणि इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे ही ईआर पीआरची रंगवायची टेस्ट, त्या यादीत नसते असं होऊ शकतं, ते नाव यादीत आहे का तेवढं बघा.

वारणाकाठ

सगळ्यांचे किती आभार मानू. दादाला वाचून दाखवलं सगळं. आज हॉस्पिटलमध्ये जाऊन ओटीच्या सिस्टरांना विचारलं, त्या म्हणाल्या फॉर्मॅलिन संपलेलं होतं म्हणून सलाईनमध्ये दिलं. सरळ सांगितलं त्यांनी, त्यांचा काही वाईट हेतू दिसला नाही.

आता प्रश्न असा की गाठच खराब झाली असेल तर ब्लॉक परत तपासून काय मिळणार? आणि ट्रूकट केलेली नाही, मग दुसरा टिश्यू कुठून आणायचा? लॅबवाले ब्लॉक देतील का? आणि या सगळ्यात केमोला उशीर होऊन काही बिघडणार नाही ना, वहिनींना तीच भीती आहे.

आईची_लेक

ब्लॉकचं मी सांगते, माझ्या आईच्या वेळी हे सगळं केलंय. आईचा हर-टू पण टू प्लसच होता आणि पहिल्या ठिकाणी फिशचं कुणी नावच काढलं नव्हतं. ब्लॉक घेऊन मुंबईला टाटात दाखवलं, तिथे फिश झालं, पॉझिटिव्ह आलं, मग आईला वर्षभर ट्रॅस्टुझुमॅब मिळालं. २०१४ पासून भारतीय कंपन्यांचं बायोसिमिलर, म्हणजे त्याच औषधासारखं स्वस्त औषध, मिळतंय म्हणून परवडलं तरी, नाहीतर अवघडच होतं. आई आता शेतात जाते, मला फोनवर ओरडते.

लॅबने आधी ब्लॉक द्यायला नाही म्हटलं, फक्त स्लाइड न्या म्हणाले. तुम्ही लेखी अर्ज द्या, पेशंटच्या सहीने, की रिव्ह्यूसाठी ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही पाहिजेत, परत आणून देऊ. आणि त्यावर लॅबचा शिक्का घ्या. अर्ज दिल्यावर आम्हाला मिळाले. सगळे ब्लॉक मागा, एकच नाही, आणि प्रत्येकावरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबरशी जुळतो का तिथेच उभं राहून बघा. स्लाइड प्लास्टिकच्या स्लाइड बॉक्समध्ये न्या नाहीतर फुटतात. ब्लॉक मेणाचे असतात, उन्हात गाडीत ठेवू नका. एफएनएसीच्या स्लाइड पण मागा, सगळे रिपोर्ट, ऑपरेशनच्या नोट्स, सोनोग्राफी मॅमोग्राफीच्या फिल्म, सगळं एका पिशवीत. मुंबईला लगेच जाणं जमत नसेल तर नव्या म्हणून ऑनलाइन सेवा आहे, टाटा आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडबरोबर काम करते, तिथे कागद अपलोड करून तज्ज्ञांचं मत मिळतं. पण तुमच्या केसमध्ये स्लाइडच परत बघायला हवी, त्यामुळे ब्लॉक कुठेतरी न्यावाच लागेल.

वहिनींना सांगा घाबरू नका म्हणून. आणि तुम्ही प्रश्न विचारताय हे फार चांगलं करताय, आमच्याकडे मी विचारलं तर काकांनी मलाच गप्प केलं होतं.

मायक्रोस्कोपवाली

वारणाकाठ, सलाईनचं कळलं ते बरं झालं, ही माहिती रिव्ह्यू करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला लेखी द्या. अर्जातच लिहा की ऑपरेशननंतर टिश्यू सलाईनमध्ये होता, अंदाजे किती तास. आम्हाला अशी माहिती सोन्यासारखी असते आणि ती कुणी देत नाही.

सगळा टिश्यू सारखा खराब होत नाही. जो डॉक्टर रिव्ह्यू करेल तो सगळ्या ब्लॉकमधून त्यातल्या त्यात चांगला ठेवला गेलेला भाग शोधेल, बऱ्याचदा बाहेरच्या कडेचा भाग मधल्यापेक्षा बरा असतो, आणि जिथे नॉर्मल दूधनलिका दिसतायत असा ब्लॉक घेऊन ईआर परत लावेल. पॉझिटिव्ह आलं तर ते धरता येतं. निगेटिव्ह आलं आणि नॉर्मल नलिका पण रंगल्या नाहीत तर मात्र त्या टिश्यूवर ईआरचा विषय संपला असं स्पष्ट लिहून घ्यायचं.

मग दुसरा टिश्यू कुठून, तर तो बहुतेक मिळेल. कडांचं माहीत नाही आणि काख तपासलेली नाही, म्हणजे वहिनींना दुसरं ऑपरेशन लागण्याची शक्यता बरीच आहे हे तुम्ही मनाशी धरून चाला. त्या वेळी राहिलेली गाठ असेल किंवा काखेतल्या गाठीत आजार गेलेला असेल तर तो ताजा टिश्यू असेल, नीट फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेला, त्याच्यावर तिन्ही टेस्ट परत करता येतील. फक्त हे केमो सुरू व्हायच्या आधी ऑन्कोलॉजिस्टशी बोलायला हवं, कारण केमोने राहिलेला आजार विरघळला तर मग तपासायला काही उरणार नाही. म्हणून मी पहिल्या दिवसापासून म्हणतेय की आधी रिव्ह्यू.

उशिराचं, ऑपरेशननंतर केमो साधारण चार ते सहा आठवड्यांत सुरू करतात, आणि तीन महिन्यांच्या पुढे गेलं तर नुकसान दिसतं. रिव्ह्यू आणि फिशला मिळून आठ-दहा दिवस ते दोन आठवडे लागतील, त्याने बिघडत नाही. पण याचा अर्थ दिवाळीनंतर बघू असा घेऊ नका, या आठवड्यात अर्ज द्या.

नवीन रिपोर्ट हातात आला की मेडिकलच्या अवघड शब्दांना न घाबरता त्यात एवढं शोधा. गाठीचं माप, तीन मार्कांसकट ग्रेड, रक्तवाहिन्यांत किंवा लिम्फच्या नळ्यांत पेशी दिसल्या का, कडांबद्दल काही सांगता येतं का आणि येत नसेल तर का, गाठीच्या आजूबाजूला डीसीआयएस, म्हणजे नळीच्या आतच राहिलेला कॅन्सर, आहे का, ईआर आणि पीआर किती टक्के आणि रंग किती गडद, कंट्रोल चालले का, आणि हर-टूचा स्कोर फिशसकट. पुढे काख केली तर किती गाठी बघितल्या आणि किती आजारी, सगळ्यात मोठा साठा किती मिलिमीटरचा, कारण २ मिलिमीटरच्या वर आणि खाली यात फरक असतो. आपल्याकडचे बरेच कॅन्सर हॉस्पिटल आता ठरलेल्या फॉरमॅटमध्ये रिपोर्ट देतात, त्यात प्रत्येक मुद्द्याची जागा छापलेली असते त्यामुळे लिहायचं राहून जात नाही. माझं मत विचाराल तर ज्या लॅबला ब्रेस्टचा फॉरमॅट ठेवायचा नाही तिने ब्रेस्टचे स्पेसिमेन घेऊच नयेत, पुढे पाठवून द्यावेत.

वारणाकाठ

डॉक्टरांशी बोललो. चिडले नाहीत, म्हणाले घेऊन जा, मी चिठ्ठी देतो, आणि फिशचं त्यांना पण पटलं. लॅबला अर्ज दिलाय वहिनींच्या सहीने, सलाईनचं पण लिहिलंय, परवा ब्लॉक मिळतील. दादा आणि मी दोघं मुंबईला जातोय.

एकच शेवटचं. ईआर परत निगेटिव्हच आलं आणि पीआर खरंच पॉझिटिव्ह असलं तर गोळीचा काही उपयोग नाही का?

मायक्रोस्कोपवाली

असतो. ईआर किंवा पीआर, दोन्हींपैकी एक जरी खात्रीने पॉझिटिव्ह असेल तर हॉर्मोन ट्रीटमेंटचा विचार करतात, तो निर्णय ऑन्कोलॉजिस्ट घेतील, तुम्ही फक्त पीआरची टक्केवारी लिहून घ्या. रिव्ह्यू आला की इथे टाका, मात्र नाव नि केस नंबर झाकून टाका. आणि पाळी चालू आहे का गेली आहे हे वहिनींना विचारून कागदावर लिहून ठेवा, गोळी कुठली द्यायची ते त्यावर ठरतं आणि ओपीडीच्या गर्दीत हे सांगायचं हमखास राहून जातं.